पेटी, वेठ आणि व्यवसायोपचार : काष्ठकामाच्या उपचारमूल्याचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हाताला काम असले म्हणजे मन ठिकाणावर राहते, ही समजूत मराठी समाजात फार जुनी आहे. रिकामपणाविषयीच्या म्हणी आणि कष्टाविषयीची संतवचने यांतून ती पिढ्यानुपिढ्या चालत आली. विसाव्या शतकात या समजुतीला शास्त्राचे रूप मिळाले आणि रुग्णाला विशिष्ट हेतूने, विशिष्ट क्रमाने काम देऊन त्याचे शरीर व मन पूर्वपदावर आणण्याची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली. तिला मराठीत व्यवसायोपचार असे नाव आहे. या विद्येच्या पहिल्या पिढीने जी कामे उपचारासाठी निवडली, त्यांत विणकाम, वेतकाम, कुंभारकाम यांच्या बरोबरीने सुतारकामाला मोठे स्थान होते. आणि सुतारकामातही लहान, नक्षीदार, झाकण असलेली लाकडी पेटी हा नमुना विशेष सोयीचा ठरला.

परंतु लाकूड कापणे, तासणे, वाहणे हे काम जगात सर्वत्र आणि सर्वकाळ उपचार म्हणून झालेले नाही. ते पोटासाठी झाले, कलेसाठी झाले, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या धाकाखाली झाले. मग त्याच कामाला एका ठिकाणी उपचाराचे गुण येतात आणि दुसऱ्या ठिकाणी ते माणसाला खचवून टाकते, असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार मुंबई आणि तिच्या उत्तरेचा प्रदेश, म्हणजे पूर्वीचा ठाणे जिल्हा, यांच्या इतिहासाच्या आधारे करता येतो. कारण अर्थोत्पादक, कलात्मक, सक्तीचे आणि उपचारात्मक, अशा चारही प्रकारचे काष्ठकाम या एकाच टापूत थोड्या अंतराने घडलेले दिसते.

२. वाणगाव आणि उत्तरेचे अरण्य

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या दरम्यान वाणगाव हे स्थानक आहे. हे गाव डहाणू तालुक्यातील असून १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून पालघर जिल्ह्यात मोडते. पश्चिमेस चिंचणी व तारापूर ही जुनी किनाऱ्यावरील गावे आहेत. पूर्वेस जमीन हळूहळू चढत जाऊन जव्हार–मोखाड्याच्या डोंगरांना मिळते. मिरची आणि भाजीपाल्यासाठी आज ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्याचे एकोणिसाव्या शतकातील मुख्य धन म्हणजे पूर्वेकडील अरण्य होते.

या अरण्यातील झाडांची नावे सुताराच्या दृष्टीने वाचली तर एक संपूर्ण कोश तयार होतो. साग हा त्यांतील राजा. त्यातील नैसर्गिक तेलामुळे तो पाण्याला व वाळवीला सहजी दाद देत नाही. शिसव काळपट जांभळा, जड आणि गुळगुळीत उतरणारा. तिवस चिवट, म्हणून गाड्यांच्या कामी उपयोगी. हेद पिवळसर आणि बारीक पोताचा, त्यामुळे कोरकामाला सुलभ. बिबळ्याचे लाकूड ओले झाले की डाग देते. खैराचा उपयोग इमारतीपेक्षा काताकडे अधिक. ऐन, कळंब, धावडा यांचीही ज्याची त्याची कामे ठरलेली होती. लाकूड ओळखणे म्हणजे त्याचा रंग, वजन, वास आणि रेषा यांची एकत्र पारख करणे, हे या प्रदेशातील वारली, कोकणा, दुबळा, काथोडी लोकांना शाळेत न जाता येत होते.

१८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. पूर्वी खाड्यांतून आणि बैलगाड्यांनी होणारी इमारती लाकडाची वाहतूक यामुळे सुकर झाली. शिवाय रेल्वेला स्वतःलाच रुळांखाली घालण्यासाठी लाकूड हवे होते. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वनांची व्यवस्था पक्की केली. परिणामी ज्यांना लाकडाची पारख होती त्यांचा त्यावरचा हक्क संकुचित झाला आणि ठेकेदाराच्या हाताखालचा तोड्या एवढेच स्थान त्यांच्या वाट्यास आले. या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल. तत्पूर्वी मुंबईत लाकडाची पेटी कोणत्या कलेने घडत होती, हे पाहणे आवश्यक आहे.

३. मुंबईची पेटी

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ज्या हस्तव्यवसायाची युरोपात ख्याती झाली, त्यात सादेली नावाने ओळखली जाणारी जडावाची पेटी प्रमुख होती. ‘बॉम्बे बॉक्स’ या व्यापारी नावाने ती विकली जाई, आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनातही असे काम मांडले गेले होते. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथात या कलेचे मूळ इराणातील शिराझ येथे सांगितले असून ती सिंधमार्गे सुरत व मुंबई येथे आल्याची परंपरा नोंदविली आहे. इराणात याच जातीच्या कामाला खातम म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर ही कला मुख्यतः पारशी कारागिरांच्या हाती राहिली. ‘पेटीगरा’ हे पारशी आडनाव त्याच व्यवसायाची आठवण आहे.

या कामाची कृती मुळातून समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढील विवेचनाचा आधार तीच आहे. चंदन, आबनूस, पतंग यांसारखी निरनिराळ्या रंगांची लाकडे, हस्तिदंत, सांबरशिंग आणि कथलाची तार यांच्या लांब, बारीक काड्या प्रथम तयार करीत. त्या काड्यांचा छेद त्रिकोणी, चौकोनी किंवा समभुज चौकटीचा ठेवण्यासाठी प्रत्येक काडी कानशीने घासून नेमक्या मापाला आणावी लागे. नंतर नक्षीच्या बेताप्रमाणे त्या एकत्र जुळवून, सरस लावून, दोऱ्याने घट्ट आवळून त्यांची जुडी वाळवीत. जुडी वाळली की बारीक करवतीने तिचे आडवे, पातळ काप घेत. प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटलेली असे. हे काप पेटीच्या अंगावर ओळीने चिकटवून, घासून, शेवटी पॉलिश केले जाई. एका काडीचे माप चुकले तर जुडीतील प्रत्येक कापावर ती चूक उमटे. जुडी चांगली साधली तर एका चिकाटीचे फळ शेकडो तुकड्यांत मिळे.

यातील बहुतेक सामग्री परमुलखातून येई. चंदन म्हैसूर व कानडा भागातील. आबनूस सिंहलद्वीप व मलबारकडील. हस्तिदंताचा मोठा पुरवठा आफ्रिकेतून मुंबई बंदरात उतरे. उत्तर ठाण्यातील साग व शिसव इमारतीला आणि सामानाला लागत, पेटीच्या वरच्या अंगाला दूरदेशीचे लाकूड लागे. पेटीतील ‘दुर्मिळ’ हा गुण बाजाराने ठरविलेला होता. त्याचा कारागिराच्या मनःस्वास्थ्याशी काही संबंध नव्हता. रात्रंदिवस बारीक काम करणाऱ्या कारागिराचे डोळे आणि पाठ त्या नक्षीची किंमत देत असत. तेव्हा पेटीचे काम जात्याच आरोग्यदायी असते असे मानण्यास या इतिहासात आधार सापडत नाही. उपचाराची कल्पना या कामाला बाहेरून येऊन मिळाली, आणि ती वेगळ्याच दिशेने आली.

४. वेड्यांच्या इस्पितळातील काम

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांच्या वागणुकीत जो पालट झाला, त्यात कामाला महत्त्वाचे स्थान मिळाले. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी आणि इंग्लंडात यॉर्क येथे १७९६ साली ‘रिट्रीट’ हे आश्रयस्थान सुरू करणाऱ्या विल्यम ट्यूक यांनी साखळदंड व मारहाण यांऐवजी सौजन्य, नियमितपणा आणि उपयुक्त उद्योग यांवर भर दिला. या विचाराला नैतिक उपचार असे नाव पडले.

ब्रिटिश अमदानीत हाच विचार हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत आला. १८५८ च्या कायद्याने अशा संस्थांची व्यवस्था घालून दिली. मुंबई इलाख्यात कुलाबा येथे जुने इस्पितळ होते. रत्नागिरीचे १८८६ साली निघाले. ठाण्यातील नौपाडा येथील नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ १९०१ साली सुरू झाले. पुण्याजवळ येरवडा येथील इस्पितळ पुढे या सर्वांत मोठे ठरले. १९१२ च्या कायद्यानंतर, १९२० च्या सुमारास, या संस्थांना ‘असायलम’ऐवजी ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणण्यास प्रारंभ झाला.

या संस्थांतून रुग्णांकडून बागकाम, दळण, विणकाम, सुतारकाम अशी कामे करून घेतली जात. अधिकृत भाषा नैतिक उपचाराची होती. परंतु व्यवहारात दोन हेतू एकमेकांत मिसळले. संस्थेचा खर्च निघावा, भाजी विकत घ्यावी लागू नये, कपडा आतच विणला जावा, हा पहिला. रुग्णाचे चित्त शांत व्हावे, हा दुसरा. काम करणारा रुग्ण बरा होत चालला आहे असे मानले जाई आणि काम नाकारणारा अधिक आजारी ठरे. शिवाय युरोपीय रुग्णांना करमणुकीचे हलके उद्योग आणि देशी रुग्णांना अंगमेहनतीची कामे, असा भेदही सामान्यतः पाळला जाई. अशा व्यवस्थेत एखाद्या रुग्णाने पेटी केलीच, तर ती कोणाच्या गरजेसाठी केली, हा प्रश्न विचारला जाण्याचा संभव फार थोडा होता. नैतिक उपचारातील मूळ सत्त्व असे हळूहळू आटत गेले आणि मागे उरली ती बिनपगारी मजुरी.

५. वेठ : एक उलटा पुरावा

काम आणि कल्याण यांचा संबंध आपोआप जुळत नाही, याचा याहून ठळक पुरावा वाणगावच्या परिसरानेच दिला आहे. डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव या तालुक्यांत वारल्यांच्या जमिनी सावकार व जमीनदार यांच्याकडे गेल्या होत्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आयुष्यभर धन्याकडे राबे. गवतकापणी व जंगलतोड यांसाठी मिळणारी मजुरी अत्यंत तुटपुंजी होती आणि वेठीस तर तीही नव्हती. १९४५ साली टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर, शामराव व गोदावरीबाई परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, तलासरी भागातील झरी येथून वेठबिगारीविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. पुढील वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी तोड्यांनी संप केला. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की, ज्या हातांना लाकडाची सर्वांत चांगली पारख होती, जे हात दिवसभर उघड्या हवेत लाकडाशी श्रम करीत होते, ते हात आणि ती मने त्या कामाने सुदृढ झाली नाहीत. श्रम होता, निसर्ग होता, कौशल्यही होते. परंतु कोणते झाड तोडावे, केव्हा थांबावे, तोडलेल्या लाकडाचे काय व्हावे, यांपैकी एकही निर्णय तोडणाऱ्याचा नव्हता. श्रम स्वभावतःच औषध असता, तर डहाणूच्या जंगलात वेठबिगारीविरुद्ध उठाव होण्याचे कारण पडले नसते.

याच प्रदेशात, त्याच १९४५ साली, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते अनुताई वाघ यांच्या साहाय्याने कोसबाडच्या टेकडीवर नेले. काड्या, बिया, पाने, माती, गवत हेच तेथील शिक्षणसाहित्य होते. वारली मुलांच्या घरातील आणि रानातील वस्तू तेथे मुलाच्या निवडीने, मुलाच्या गतीने आणि मुलाच्या आनंदासाठी हाताळल्या गेल्या. अंगण, कुरण आणि जंगल तेच होते. बदलली होती ती कामामागची सत्ता. हे उदाहरण उपचाराचे नव्हे, शिक्षणाचे आहे. तथापि पुढील विवेचनाला लागणारे सूत्र त्यातून हाती येते.

६. व्यवसायोपचाराचा उदय

कामाला उपचार म्हणून स्वतंत्र शिस्त देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेकडे जाते. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक जॉर्ज एडवर्ड बार्टन हे मूळचे वास्तुशिल्पी. क्षयाने आणि डाव्या अंगाच्या लुळेपणाने खिळलेल्या बार्टन यांनी १९१४ साली त्याच गावी घेतलेल्या एका घरात बाग आणि कार्यशाळा यांतील कामाने स्वतःला पुन्हा उभे केले होते. संस्थेचा पहिला पुरस्कर्ता स्वतःच रुग्ण होता, ही गोष्ट लक्षणीय आहे: येथे काम नेमून देणारा आणि काम करणारा हे एकच होते.

त्याच वर्षी, म्हणजे १९१७ साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांसाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकी येथे गेली. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला उपजीविकेचा उद्योग शिकवावा, हा तिचा उद्देश. हे पुनर्वसन होते. अवयवाची हालचाल सुधारण्यासाठी कामाची योजना करणे हा त्यापुढील टप्पा होता, आणि तो यावयास आणखी तीन दशके लागली.

तो टप्पा मुंबईत आणला कमलाबाई निंबकर यांनी. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथाच्या अमेरिकन कुटुंबात जन्मलेल्या या स्त्रीने १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि भारत हेच आपले घर मानले. शिक्षणक्षेत्रात काम केल्यानंतर १९४० च्या दशकात त्या अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन आल्या. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते अशा प्रकारचे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य-राष्ट्रांत भारताची गणना झाली.

या काळात मुंबईपुढे बालपक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांचा प्रश्न तीव्र होता. फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले होते. त्यामुळे नव्या विद्येला रुग्णांची वाण नव्हती. वाण होती ती समजुतीची. बलुतेदारीच्या परंपरेत सुतारकाम हे एका जातीचे काम. कारकुनी करणाऱ्या घरातील मुलाच्या हाती रंधा देणे म्हणजे त्याला खालच्या पायरीवर उतरविणे, अशी भावना सहज उद्भवण्याजोगी होती. आणि सुताराच्या मुलाला तेच काम दिले तर त्यात नवे ते काय, असाही प्रश्न होता. १९३७ पासून वर्ध्याच्या नयी तालीम योजनेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणल्यामुळे या पूर्वग्रहाला एक उत्तर तयार झालेले होते. व्यवसायोपचाराने त्यात भर घातली ती अशी की, रंधा हा येथे जातीचे चिन्ह नसून खांदा व कोपर यांच्या व्यायामाचे साधन आहे.

७. पेटीचे उपचारविश्लेषण

व्यवसायोपचाराची मुख्य पद्धती म्हणजे कामाचे पृथक्करण. एखादी वस्तू घडविताना कोणते सांधे हलतात, कोणत्या स्नायूंवर ताण येतो, किती लक्ष, किती स्मरण आणि किती निर्णय लागतो, हे आधी ठरवून मग रुग्णाला त्यातील योग्य तो भाग द्यावयाचा असतो. पेटी या दृष्टीने उपयुक्त का ठरली, हे तिच्या कृतीवरून कळते.

फळी करवतीने कापताना खांदा व कोपर यांची मोठी हालचाल होते. रंधा मारताना दोन्ही हात एकत्र येतात. म्हणून अर्धांगवायूच्या रुग्णाच्या दुबळ्या हाताला सबळ हाताची सोबत मिळते. काचकागदाचा ठोकळा उतरत्या फळीवर वरखाली घासावयास दिला, तर फळीचा उतार वाढवून किंवा कमी करून श्रम मोजून देता येतात. पातळ काप उचलून जागेवर बसविण्यास अंगठा व तर्जनी यांची चिमूट लागते. ती बोटांच्या सूक्ष्म हालचालीची परीक्षाच असते. कोपरे जुळविताना गुण्याने पुन्हा पुन्हा तपासावे लागते, आणि त्यामुळे नजर व हात यांचा मेळ बसतो. सरस वाळेपर्यंत थांबावे लागते. घाई चालत नाही. शेवटच्या पॉलिशने लाकडाचा दडलेला रंग वर येतो आणि कामाचे फळ डोळ्यांपुढे दिसते. मनोरुग्णाच्या बाबतीत या क्रमाचे मोल विशेष आहे. आज येथवर, उद्या पुढे, असा काळाचा धागा त्याच्या हाती येतो. तीन लाकडांतून एक निवडणे हा त्या दिवसातील त्याचा पहिला स्वतःचा निर्णय असू शकतो.

निरनिराळ्या रंगांच्या कठीण लाकडांचा उपयोग येथे होतो तो एवढ्यासाठी. त्यांचे वजन, पोत, वास व रंग भिन्न असल्यामुळे इंद्रियांना भेद ओळखण्याचे काम मिळते. त्यासाठी महागडे परदेशी लाकूड अनिवार्य नाही. हेदाचा पिवळा, शिसवाचा काळपट आणि सागाचा सोनेरी रंग एकत्र ठेवले तरी तोच हेतू साधतो. शिवाय दुर्मिळ लाकडाला आज मर्यादाही आहेत. आबनूस व शिसव यांच्या भुकटीने कित्येकांच्या त्वचेला आणि श्वासमार्गाला त्रास होतो. लाकडाची भुकटी कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत आणि हस्तिदंताचा व्यापार तर त्यापूर्वीच बंद झाला. म्हणून उपचारशाळेत तोंडावर पट्टी, भुकटी ओढून घेण्याची सोय आणि काम संपताच हत्यारांची मोजदाद या गोष्टी उपचाराचाच भाग ठरतात.

हत्यार आणि रुग्ण यांच्या नात्याचा सर्वांत सूक्ष्म विचार कुष्ठरोगाच्या क्षेत्रात झाला. तमिळनाडूतील वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी हातांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी ‘न्यू लाइफ सेंटर’ सुरू केले. तेथे रुग्ण लाकडी खेळणी व इतर वस्तू करीत. संवेदना गेलेल्या हाताला करवतीची मूठ किती जोराने धरली हे कळत नाही. त्यामुळे जखमा होतात, आणि बोटे झडण्याचे मोठे कारण या दुर्लक्षित जखमा होत, हे ब्रँड यांनी दाखविले. मूठ जाड करावी, तिला आवरण घालावे, दररोज हात तपासावेत आणि स्पर्शाचे काम डोळ्यांनी करावे, हे नियम तेथूनच रूढ झाले. महाराष्ट्रात वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली, आणि वरोऱ्याजवळ आनंदवन येथे बाबा आमटे यांनी १९५० च्या सुमारास, कुष्ठरुग्णांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या वसाहती घडविल्या. तेथील श्रमाचे फळ श्रम करणाऱ्यांच्याच वसाहतीत राहिले, ही त्यांच्या यशातील मध्यवर्ती गोष्ट होय.

८. उतार आणि पुनर्विचार

१९६० नंतर व्यवसायोपचारात हस्तव्यवसायाचे स्थान घटू लागले. वैद्यकाला मोजता येणारी फळे हवी होती. पेटी किंवा टोपली ही करमणूक वाटू लागली. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, लेखन यांसारखी दैनंदिन कामे आणि विशिष्ट यंत्रे यांकडे लक्ष वळले. या बदलाला कारण होते: सर्व रुग्णांना एकच टोपली विणावयास लावणे हा उपचार नव्हे, ही टीका रास्तच होती. परंतु मेरी रायली यांनी १९६१ साली अमेरिकेत दिलेल्या प्रसिद्ध स्मृतिव्याख्यानात इशारा दिला की, मन व इच्छा यांच्या प्रेरणेने हातांनी केलेले काम माणसाच्या आरोग्यावर प्रभाव पाडते, हा विद्येचा पायाच सोडून चालणार नाही. आज दोन्ही बाजूंचा समतोल साधण्याचा प्रयत्न दिसतो: काम रुग्णाच्या जीवनाशी जुळले पाहिजे आणि त्यात त्याची इच्छा गुंतली पाहिजे.

कायद्यानेही हळूहळू हाच निष्कर्ष मान्य केला. १९७६ च्या कायद्याने देशातील वेठबिगार नष्ट झाल्याचे घोषित केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णालयातील कोणत्याही व्यक्तीवर कामाची सक्ती करता येणार नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला दिला पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. पहिला कायदा शेतावरच्या आणि जंगलातल्या मजुराचा, दुसरा रुग्णाचा. परंतु दोहोंतील तत्त्व एक आहे.

९. उपसंहार

वरील इतिहासावरून काष्ठकामाच्या उपचारमूल्याच्या तीन कसोट्या काढता येतात. पहिली निवडीची: काम करणाऱ्याला काम घेण्याचे आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य असावे. दुसरी श्रेणीची: काम त्याच्या शक्तीला मोजून दिलेले आणि शक्तीबरोबर वाढत जाणारे असावे. तिसरी स्वामित्वाची: घडलेली वस्तू किंवा तिचे मोल घडविणाऱ्याचे असावे. मुंबईच्या सादेली कारागिराच्या कामात कौशल्य अपार होते, परंतु कामाची मात्रा बाजार ठरवी. वेड्यांच्या इस्पितळात निवड आणि स्वामित्व या दोहोंचा अभाव होता. डहाणूच्या तोड्याजवळ तिन्हींपैकी एकही नव्हते. परळच्या उपचारशाळेने, वेल्लोरच्या आणि वरोऱ्याच्या प्रयोगांनी या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र आणण्याचा यत्न केला, आणि म्हणूनच तेथील काम उपचार या संज्ञेस पात्र झाले.

पेटीचे लाकूड वाणगावच्या पूर्वेकडील रानातले असो वा सिंहलद्वीपातले, त्याने या निर्णयात फरक पडत नाही. एखाद्या संस्थेच्या विक्रीकेंद्रात रुग्णांनी केलेली सुबक पेटी दिसली, तर तिची नक्षी पाहण्याबरोबरच ती करणाऱ्याला ती करावीशी वाटली होती काय, ती त्याला झेपली काय, आणि तिचा पैसा कोणाकडे गेला, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच त्या पेटीला उपचाराचे फळ म्हणता येईल.